प्रकाश बाहेर डोकावतो तिथेच सेन्सर : वाचकांचे प्रश्न

लेसर आणि ऑप्टिकल फायबर वापरून रसायने ओळखण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या वेळी घेतली आहेत. चारही पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या रूपाने आली आहे. मधला गाभा आणि त्याभोवती कमी अपवर्तनांकाचे (प्रकाश कमी वाकवणारे) क्लॅडिंग नावाचे आवरण अशी फायबर बनवली आहे ती प्रकाश आत कोंडून ठेवण्यासाठी. आत कोंडलेल्या प्रकाशाला बाहेरचे रसायन दिसत नाही. तो बाहेर काढला की रसायनाबरोबर ऊन, वारा, धूळ आणि वाकही दिसू लागतात. सेन्सर बनवताना अर्धे कष्ट प्रकाश बाहेर काढायला लागतात आणि उरलेले अर्धे हे नको ते पाहुणे बाजूला काढायला.

प्रश्न : आमचा तिसऱ्या वर्षाचा प्रकल्प अमोनियाच्या सेन्सरचा आहे. सरांनी ६०० मायक्रॉन गाभ्याची, प्लास्टिक क्लॅडिंगची सिलिका फायबर दिली. जेल रोडवरून ६५० नॅनोमीटरचा ५ मिलिवॉट लेसर मॉड्यूल आणला. मधले ५ सेंटीमीटर सोलून त्यावर ब्रोमोथायमॉल ब्लू (अमोनियाने पिवळ्याचा निळा होणारा रंग) मिसळलेला सोल-जेल, म्हणजे द्रावातून बनणारा काचेसारखा, लेप दिला. अमोनियाची बाटली जवळ नेली की आकडा जेमतेम हलतो, आणि नुसता पंखा लावला तर त्याहून जास्त हलतो. लेपच चुकला का?
— विद्यार्थिनी, अभियांत्रिकी, इंदूर

उत्तर : लेपाकडे जाण्याआधी फायबर खरोखर सोलली गेली आहे का ते बघा. वरचे जॅकेट निघाले की आतली फायबर काचेसारखी लख्ख दिसते आणि काम झाले असे वाटते. क्लॅडिंगचा पारदर्शक थर मात्र तिथेच असतो. तो ब्लेड आडवे धरून हलक्या हाताने खरवडावा लागतो आणि मग अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावा लागतो. परीक्षा सोपी आहे. फायबरमध्ये लेसर सोडा, खोलीत अंधार करा आणि सोललेल्या भागावर सेंटीमीटरभर ग्लिसरीन लावा. ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७ आहे, सिलिकाचा १.४५७. क्लॅडिंग पूर्ण गेले असेल तर प्रकाश ग्लिसरीनमध्ये ओतला जातो, तेवढा पट्टा लालभडक होतो आणि दुसऱ्या टोकाचा आकडा धाडकन पडतो. पट्टा मंदच राहिला तर थर शिल्लक आहे, खरवडणे चालू ठेवा. पाणी लावून ही परीक्षा होत नाही, कारण १.३३ अपवर्तनांकाचे पाणी स्वतःच उत्तम क्लॅडिंग ठरते. झाल्यावर ग्लिसरीन पाण्याने आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने धुऊन टाका.

दुसरा मुद्दा लेसर कसा सोडता याचा. किरण नाकासमोर सरळ सोडला तर बहुतेक प्रकाश गाभ्याच्या मधून निघून जातो, काठाला क्वचितच टेकतो. लेपातला रंग काठाबाहेर डोकावणाऱ्या प्रकाशालाच शोषतो आणि ती डोकावणी तरंगलांबीच्या एखाद्या अंशाइतकीच खोल असते. म्हणून काठावरच्या आपटण्या वाढवायला हव्यात. मॉड्यूल फायबरच्या अक्षाशी १० ते १२ अंश तिरका बसवा. आत जाणारी शक्ती थोडी घटेल, प्रतिसाद मात्र चांगला वाढेल. १५ अंशांच्या पुढे जाऊ नका. सोल-जेलचा अपवर्तनांक साधारण १.४३ धरला तर लेपाच्या भागात फायबर सुमारे १६ अंशांपर्यंतचेच किरण धरून ठेवू शकते. त्याहून तिरके किरण अमोनिया असो नसो, गळूनच जातात.

आता पंखा. लेसरचा प्रकाश अशा जाड फायबरमधून बाहेर पडतो तेव्हा कागदावर धरून बघा, ठिपक्याठिपक्यांची जाळी दिसेल. फायबर किंचित हलली की जाळी बदलते. फोटोडायोड लांब असेल तर जाळीचा एक तुकडाच त्याच्यावर पडतो आणि तो तुकडा सतत बदलत राहतो. बीपीडब्ल्यू ३४ हा डायोड सुमारे २.७ मिलिमीटर चौरस आहे. फायबरचे टोक त्याला जवळजवळ टेकवा, म्हणजे सगळे ठिपके आत येतील. फायबर टोकापासून टोकापर्यंत फळीवर टेपने चिकटवा आणि सोललेला भाग खाच पाडलेल्या अॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवा. सोललेली सिलिका उघडी हवेत लोंबत ठेवली तर ती मोडणारच.

तेवढ्याने भागणार नाही, कारण मॉड्यूलची शक्ती स्वतःच तापमानाबरोबर वरखाली होते. पंख्याचा वारा त्यालाही लागतो. यावर एकच उपाय आहे, तो म्हणजे संदर्भाचा दुसरा डायोड. लेसरच्या वाटेत सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी थोडी तिरकी ठेवा. तिच्या दोन पृष्ठभागांवरून मिळून साधारण ८ टक्के प्रकाश बाजूला जातो, तो दुसऱ्या बीपीडब्ल्यू ३४वर घ्या आणि नेहमी दोघांचे गुणोत्तर नोंदवा. हा डायोड ६५० नॅनोमीटरला वॉटमागे साधारण ०.४ अँपिअर देतो. फायबरमधून १०० मायक्रोवॉट आले तर ४० मायक्रोअँपिअर होतात, म्हणजे १०० किलोओहमच्या अॅम्प्लिफायरवर ४ व्होल्ट. संदर्भाच्या डायोडवर त्याच्या सुमारे चौपट प्रकाश पडेल, तिथे २२ किलोओहम लावा, नाहीतर तो कमाल व्होल्टेजला चिकटून बसेल आणि गुणोत्तर निरर्थक होईल. आर्डुइनो या नियंत्रक बोर्डाचा स्वतःचा १० बिटांचा आकडा या कामाला अपुरा पडतो. व्होल्टेजचा आकडा करून देणारी १६ बिटांची एडीएस १११५ चिप जोडा. ट्यूबलाइट आणि एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, म्हणून लेसर १०० मिलिसेकंद चालू आणि १०० मिलिसेकंद बंद करा, दोन्ही वेळची सरासरी काढा आणि वजाबाकी करा. त्या वेळात लुकलुकण्याची पूर्ण आवर्तने बसतात, त्यामुळे दिव्यांचा परिणाम उडतो. लेसर असा अर्धा तास चालवून मगच पहिला आकडा लिहा.

लेपाचे प्रमाण तुम्ही लिहिलेले नाही. चालणारे प्रमाण असे : टीईओएस (लेपातली सिलिका देणारे द्रव रसायन) १० मिली, इथेनॉल १० मिली, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३.२ मिली, ब्रोमोथायमॉल ब्लू २० मिलिग्रॅम. सुरुवातीला तेल आणि पाण्यासारखे दोन थर दिसतात. दोन तास ढवळल्यावर एकजीव पारदर्शक द्राव होतो. झाकून रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी फायबर बुडवून सेकंदाला सुमारे १ मिलिमीटर या संथ गतीने वर काढा. मोटर नसेल तर सलाइनच्या नळीने भांड्यातला द्राव हळूहळू खाली उतरवा, फायबर जागेवरच राहू द्या. हातापेक्षा हे कितीतरी सफाईदार होते. एक दिवस सावलीत सुकवून ६० अंशांवर एक दिवस ठेवा.

इंदूरच्या हवेत याचे दोन हंगामी बिघाड ठरलेले आहेत. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात इथेनॉल फार लवकर उडते आणि लेपाला तळ्यातल्या सुकलेल्या गाळासारख्या भेगा पडतात. जुलैत हवेतली वाफ ओल्या थरावर बसते आणि लेप दुधाळ होतो. दुधाळ लेप प्रकाश शोषत नाही, विखुरतो. मेमध्ये टीईओएसपैकी ३ मिलीच्या जागी मिथाइल ट्रायइथॉक्सी सिलेन घाला आणि सुकवायचे भांडे झाका. जुलैत शेजारी सिलिका जेल ठेवलेल्या बंद पेटीत सुकवा.

तुमचा आकडा जेमतेम हलण्याचे आणखी एक कारण संभवते. लेपात हायड्रोक्लोरिक आम्ल अडकून राहते आणि पहिला अमोनिया तेच खाऊन टाकते. ते संपेपर्यंत रंग पिवळाच. भट्टीतून काढल्यावर लेप डिस्टिल्ड पाण्यात तीन-चार वेळा विसळा. पाणी पिवळे होत राहिले तर रंगच धुतला जातो आहे, म्हणजे लेप नीट पक्का झालेला नाही. आणि हवा अगदी कोरडी असेल तर प्रतिसाद आपोआप मंदावतो, कारण अमोनियाला लेपातल्या पाण्यात विरघळूनच रंग निळा करता येतो. शेजारी आर्द्रतेचा साधा सेन्सर ठेवून तो आकडाही वहीत लिहा. ब्रोमोथायमॉल ब्लूच्या निळ्या रूपाचे शोषण ६१७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते. ६५०चा लेसर चालतो, पण ६३५चा मिळाला तर तो घ्या.

बाटली जवळ नेणे हे मोजमाप नव्हे. २५ टक्क्यांचा अमोनिया द्राव सुमारे १३ मोलर असतो. त्यातला ०.७५ मिली एक लिटर पाण्यात घातला की ०.०१ मोलर द्राव होतो. बंद बाटलीत २५ अंशांना त्याच्यावरच्या हवेत साधारण १६० पीपीएम (दहा लाख भागांत १६० भाग) अमोनिया असतो. दहापट पातळ केले तर हवेतला अमोनिया दहापटीपेक्षा थोडा जास्तच उतरतो, कारण पातळ द्रावात त्याचा मोठा हिस्सा आयन होऊन पाण्यातच राहतो. खोली ३५ अंशांवर गेली तर त्याच द्रावावरचा अमोनिया सुमारे दीडपट होतो. बाटली पाण्याच्या टबात ठेवून तापमान धरून ठेवा, नाहीतर सकाळ-दुपारचे दोन आलेख एकमेकांशी जुळणार नाहीत. मूळ अमोनिया आणि टीईओएस दोन्ही फ्यूम हूडखालीच ओता.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेसर आहे. नेहमीच्या दूरसंचार फायबरवर लाँग पीरियड ग्रेटिंग (ठरावीक अंतराने लेसरने उमटवलेल्या बिंदूंची रांग) लिहून द्रावाची संहती मोजायची आहे. ५५० मायक्रॉन अंतराने ४० बिंदू लिहिले. वर्णपटात दरी (एका तरंगलांबीला प्रकाश कमी झालेली जागा) दिसली, पण उथळ. ७० बिंदू केले तर ती आणखी उथळ झाली. साखरेच्या पाण्यात बुडवले तर दरी रोज वेगळ्या जागी.
— प्रयोगशाळा साहाय्यक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : बिंदू वाढवले की दरी खोल होत जाते हे एका मर्यादेपर्यंतच खरे. ग्रेटिंग गाभ्यातला प्रकाश क्लॅडिंगमध्ये ढकलते. सगळा ढकलून झाला की पुढचे बिंदू तोच प्रकाश परत गाभ्यात आणू लागतात. तुमच्याकडे हेच घडले असण्याची शक्यता बरीच आहे. लिहीत असतानाच वर्णपट पडद्यावर ठेवा आणि दरी सर्वात खोल झाली की थांबा. बिंदूंची संख्या आधी ठरवून ठेवायची नसते.

दुसरी शक्यता अंतरातल्या चुकीची. दरीची तरंगलांबी म्हणजे गाभ्यातल्या आणि क्लॅडिंगमधल्या परिणामी अपवर्तनांकांतला फरक गुणिले बिंदूंमधले अंतर. ५५० मायक्रॉनला दरी १५५० नॅनोमीटरवर असेल तर तो फरक ०.००२८ येतो. म्हणजे अंतर १ मायक्रॉनने चुकले की दरी किमान पावणेतीन नॅनोमीटर सरकते. वेगवेगळे बिंदू वेगवेगळे चुकले तर दरी रुंद आणि उथळ होते. स्टेज नेहमी एकाच दिशेने चालवा. मागे यायचे असेल तर जास्त मागे जाऊन पुढे या, म्हणजे स्क्रूची ढिलाई निघून जाते. प्रत्येक पाऊल मागच्या बिंदूपासून न मोजता पहिल्या बिंदूपासून मोजा.

फायबरचे एक टोक घट्ट धरा, दुसऱ्या टोकाला कप्पीवरून १० ग्रॅमचे वजन सोडा आणि कोटिंग काढलेला भाग अल्कोहोलने पुसून घ्या. राहिलेला कोटिंगचा कण लेसरखाली जळतो आणि तिथेच फायबर तुटते. सिलिका १०.६ मायक्रॉनचा प्रकाश पृष्ठभागावरच शोषते, म्हणून लेसरच्या बाजूची काच जास्त तापते आणि पलीकडची कमी. शक्ती जास्त झाली तर वजनामुळे फायबर तिथे बारीक होते. सूक्ष्मदर्शकाखाली कंबर दिसली, किंवा दरीबाहेरचा सगळा वर्णपटच एक-दोन डेसिबल खाली बसला, तर शक्ती कमी करून नवी फायबर घ्या. तीच फायबर पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा.

दरी रोज सरकते याचे कारण साखरेत नाही. साध्या फायबरवरची अशी ग्रेटिंग तापमानाच्या दर अंशाला साधारण ०.०५ नॅनोमीटर सरकते. पाण्याऐवजी १० टक्के साखरेचा द्राव घेतला तर अपवर्तनांक १.३३३ वरून १.३४८ होतो. पाण्याच्या आसपास ही ग्रेटिंग तशी बधिरच असते आणि एवढ्या बदलाला बहुधा अर्ध्या नॅनोमीटरच्या आतच सरकते. म्हणजे खोली दहा अंशांनी तापली की साखर झाकली गेली. त्यात फायबर थोडी वाकली किंवा ताण बदलला तर आणखी भर. लिहिताना असते तसेच ठरावीक वजन मोजतानाही लावा, फायबर काचेच्या सरळ खाचेत ठेवा आणि शेजारी एक फायबर ब्रॅग ग्रेटिंग (एकच तरंगलांबी परत फिरवणारी, गाभ्यात लिहिलेली बारीक ग्रेटिंग) जोडा. ती अंशाला सुमारे ०.०१ नॅनोमीटर सरकते आणि बाहेरच्या द्रावाची तिला खबरही नसते, म्हणून ती उत्तम तापमापक ठरते. ५० टक्के द्रावाचा अपवर्तनांक १.४२० असतो, त्या बाजूला संवेदनशीलता झपाट्याने वाढते. आधी दाट द्राव घेऊन यंत्रणा चालते याची खात्री करा, मग पातळ द्रावांकडे या. हे कोष्टकातले आकडे सोडियमच्या पिवळ्या प्रकाशासाठी आहेत. १५५० नॅनोमीटरला पाण्याचा अपवर्तनांक १.३१८ च्या आसपास येतो, ते आलेख काढताना विसरू नका.

आणि एक स्पष्ट सांगितले पाहिजे. ही ग्रेटिंग साखर ओळखत नाही, ती फक्त अपवर्तनांक ओळखते. मीठ घातले तरी ती तेच उत्तर देईल. एखादेच रसायन ओळखायचे असेल तर त्यालाच धरणारा लेप वर हवा.

प्रश्न : पीथमपूरच्या आमच्या कारखान्यात अमोनियाची गळती शोधायची आहे. विद्रावकांची वाफ असल्याने त्या जागी विजेचे उपकरण नेता येत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात लेसरने फायबर ब्रॅग ग्रेटिंग लिहितात असे ऐकले. तीच बसवली तर चालेल का?
— देखभाल अभियंता, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ऐकले ते खरे आहे. त्या केंद्रात तांब्याच्या वाफेच्या लेसरचा ५१० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे २५५ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात बदलून ग्रेटिंग लिहिण्याचे काम झाले आहे. पण नुसती ब्रॅग ग्रेटिंग अमोनिया ओळखणार नाही. तिचा प्रकाश गाभ्यातच राहतो. ती ताण आणि तापमान सांगते. रसायन सांगायला लावायचे तर त्याचे ताणात रूपांतर करणारा लेप लागतो. पॅलेडियम हायड्रोजन शोषून फुगते आणि ग्रेटिंगला ताणते, म्हणून हायड्रोजनसाठी ही युक्ती चालते. अमोनियासाठी तुमच्या जागी ती सुचवणार नाही.

तुम्हाला लेप नसलेली पद्धत घ्यायला हवी. अमोनिया १५१२ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि ही तरंगलांबी दूरसंचार फायबरमधून आरामात जाते. (मिथेनसाठी हाच आकडा १६५४ आहे.) डीएफबी लेसर (एकाच अरुंद तरंगलांबीचा डायोड लेसर), डिटेक्टर, वीज, सगळे नियंत्रण कक्षात ठेवायचे. जागेवर फक्त दोन लेन्स आणि मधली मोकळी हवा. एक फायबर प्रकाश नेते, दुसरी परत आणते. लेसरचा प्रवाह वरखाली करून तरंगलांबी शोषणरेषेवरून पुढेमागे फिरवतात. धूळ सगळ्याच तरंगलांब्या सारख्या अडवते, अमोनिया त्या एका अरुंद रेषेवरच, म्हणून दोन्ही वेगळे ओळखता येतात. असे रेषेकडे बघणे जमले की लेपाची सगळी दुखणी मिटतात.

हिची स्वतःची दुखणी मात्र आहेत. दोन समांतर काचांमध्ये प्रकाश उलटसुलट फिरला की आलेखावर लाटा उठतात आणि त्या अमोनियासारख्याच दिसतात. कनेक्टर हिरव्या टोपीचे, ८ अंश तिरके घासलेले एफसी-एपीसी घ्या. निळ्या टोपीचा सरळ कनेक्टर हिरव्याला जोडला तर दोन्ही टोके बिघडतात. खिडक्या पाचरीसारख्या तिरक्या हव्यात. नळीने नमुना ओढणार असाल तर ती टेफ्लॉनची आणि गरम केलेली घ्या. थंड लोखंडी नळीच्या भिंतींना अमोनिया चिकटून बसतो, गळती झाली तरी आकडा उशिरा चढतो आणि गळती बंद झाल्यावर तासभर उतरत नाही. अमोनिया भरलेली छोटी बंद नळी संदर्भ म्हणून लेसरच्या एका फाट्यावर कायम ठेवा, म्हणजे लेसर रेषेवरून घसरला तर लगेच कळेल.

प्रश्न : आमच्या गल्लीत केबल टाकताना उरलेली फायबर मुलाने घरी आणली आहे. लाल लेसर सोडून तो प्रयोग करणार म्हणतो. फायबर उपयोगी आहे का, आणि हे घरात करू द्यावे का?
— गृहिणी, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, फायबर उपयोगी आहे, पण लाल लेसरसाठी फारशी नाही. तिचा गाभा ८-९ मायक्रॉनचाच असतो. त्यात लेसर अचूक बसवणे हाताने जमत नाही आणि ती बनवली आहे १३०० ते १६०० नॅनोमीटरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशासाठी. त्याला १ मिलिमीटरची प्लास्टिक फायबर घेऊन द्या. ती कात्रीने कापता येते, टोक पॉलिश पेपरवर गुळगुळीत होते आणि गरम पाण्यात धरून तिचा इंग्रजी यूसारखा वाक करता येतो. तो वाक पाण्यात आणि मग साखरेच्या पाकात बुडवला तर पलीकडचा उजेड कमी होताना दिसतो. तिला अॅसिटोन किंवा स्पिरिट लावू देऊ नका, पृष्ठभाग पांढरा पडून तडकतो.

लेसर ५ मिलिवॉटहून कमी आहे का हे लेबलवर बघा. लेसर चालू असताना फायबरच्या टोकात डोळा किंवा भिंग लावून बघायचे नाही. वापरात असलेल्या केबलच्या टोकात तर कधीच नाही, कारण तिथला प्रकाश दिसत नाही आणि पापणीही मिटत नाही. इंटरनेटवर हायड्रोफ्लोरिक आम्लाने क्लॅडिंग उतरवण्याचे व्हिडिओ आहेत. ते आम्ल कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जाते आणि सुरुवातीला दुखतही नाही. ते घरात नको, आणि खास सोय नसलेल्या कॉलेजातही नको.

काचेची फायबर त्याला सोलायचीच असेल तर टेबलावर काळा कागद अंथरा, म्हणजे केसाहून थोडे जाड असे ते तुकडे दिसतील. प्रत्येक तुकडा चिमट्याने उचलून झाकणाच्या बाटलीत टाकायला सांगा आणि शेवटी कागदावरून चिकटपट्टी फिरवून घ्या. त्या टेबलावर खाणेपिणे ठेवू नका. तुकडा बोटात गेलाच तर चोळू नका, चांगल्या उजेडात चिमट्याने सरळ ओढून काढा, आणि निघाला नाही तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.